उन्हातलं पीक

प्रिय शिव,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच मोकळेपणाने लिहितेय. पाठवणार नाहीच.

कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर झाला, मोठ्या कंपन्या गोदामांत दिवे लावून तो पिकवू लागल्या आणि तुझ्या शेजाऱ्यांनी शेतं विकली. तू मात्र शनिवारी मी शेतावर आले तेव्हा गांजाचा एकेक तुरा उलगडून बुरशी शोधत होतास. “सन इज फ्री, आई,” म्हणालास.

बाबा सगळ्यांना ‘ऑरगॅनिक फार्मिंग’ सांगतात. आज क्युपर्टिनोच्या गणपतीत उल्कामावशीने तू काय करतोस ते विचारलं, तेव्हा मी सांगूनच टाकलं, “गांजा पिकवतो. उन्हात, स्वतःच्या हातांनी.”

मावशीने मला बाजूला ओढलं. मग हळूच म्हणाली, “गुडघेदुखीला चालतो का गं? आणि दुकानात शिवचाच कसा ओळखायचा?”

तुझी फुकटची सेल्समन,
आई