विमानाचे चेअरमन

मांजरसुंबा, ६ नोव्हेंबर १९९२

ती. सुंदरदादांस छबूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आमच्या धाब्यावर व्हिडिओ गेमची पेटी आली! पडद्यावर वरून भुतं उतरतात, आपण खालून विमान सरकवत गोळ्या मारायच्या. दुष्काळानं गिऱ्हाईक आटलंय. पेटी चालली तरच धाबा टिकेल, नाहीतर हे म्हणतात, आपणही ऊसतोडीला जाऊ.

पण ऊसतोड्यांचे ट्रक थांबू लागलेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणून चकलांब्याचे धुळाजी-साखराबाई एकाच नाण्यात दोघं खेळतात. विमानाचा दांडा त्याच्याकडं, गोळीचं बटण तिच्याकडं. काल तिनं सगळ्यांदेखत त्याला विचारलं की उसाच्या फडात लई पळता, मग इथंच कशानं हात गळालेत.

तुम्ही भाषणात पेटीला नावं ठेवता म्हणे. आधी बघा तरी. बहिणीवरचा लोभ रागातही असू द्या.

तुमची छबू

तलवाडा, १२ नोव्हेंबर १९९२

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

जनावरं चारा छावणीत आणि माणसं भुतांच्या मागं! मी दूध सोसायटीचा चेअरमन, जन्मभर ओरडतोय की माणूस तरतो तो मिळून. आणि माझ्या बहिणीनं एकट्यानं खेळायचं यंत्र आणावं? रविवारी येतो. त्या पेटीची सहकारी सोसायटी करीन, नाहीतर तिला रस्त्यावर काढीन!

धाब्याची काळजी मलाही आहे. पिठलं झणझणीत कर.

तुझा दादा

मांजरसुंबा, २४ नोव्हेंबर १९९२

ती. दादांस सा. न. वि. वि.

त्या रविवारची तुमची सभा आठवून अजून हसून हसून पोट दुखतंय. दांड्याला चेअरमन म्हणून तुम्ही स्वतः, बटणाला व्हाइस चेअरमन, वर प्रत्येक गोळीला सूचक नि अनुमोदक, हे तुम्हालाच सुचणार! धुळाजी अनुमोदनासाठी घसा खाकरतोय तोवर विमान फुटलं. तुम्ही पेटीलाच दरडावलंत, की ठरावाआधी विमान फोडणं बेकायदा आहे!

आता ही सभा रोज भरते. बघायला गाड्या थांबतात, भाकरी पुरत नाही. हे ऊसतोडीचं नाव काढत नाहीत. तुमचा राग असाच आमच्या उपयोगी पडो.

छबू

तलवाडा, ३ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. छबूस आशीर्वाद.

घरोघरी टीव्हीला जोडायचा गेम आलाय. पोरं दार लावून खेळतात. तुझी पेटी ओस पडली, असं कळलं. धीर सोडू नकोस. येऊन असं भाषण ठोकतो, की लोक गेम टाकून पळत येतील.

दादा

मांजरसुंबा, ९ नोव्हेंबर १९९८

ती. दादांस सा. न.

भाषण नको. पेटी काल विकून टेम्पोत घालून दिली. तिच्यामागं गिऱ्हाईकही जाईल, या भीतीनं मला जेवण गेलं नाही. सांजेला धुळाजी-साखराबाई ट्रकमधून उतरले, रिकाम्या जागेपुढं बाक ओढून बसले आणि विमान कुणामुळं फुटायचं यावर जुंपली. दोन ट्रकांतली माणसं बाजू घेऊ लागली. चहाचं पातेलं पुन्हा पुन्हा चढवलं. भाकऱ्या थापून माझे हात भरून आले, तरी कुणी उठेना.

शेवटी साखराबाई म्हणाली, की चेअरमनसायबांनी इतक्या वर्षांत एक भूत मारलं न्हाई, त्यांना विमानाच्या पदावरून काढा. सगळ्यांनी हात वर केले, ह्यांनीसुद्धा.

तर दादा, आता तुम्ही धाब्याचे साधे गिऱ्हाईक. लोभ घेऊन या, भूकही आणा.

छबू