विमानाचं नाक आम्ही कापलं

सोमवार, ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? मग पत्र फाडू नकोस, दम धर. हो, तुझ्या आईचंच आहे. शेजारच्या मास्तरीणबाई लेकीकडे राहायला गेल्या त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून तुझी पत्रं मला हीच वाचून दाखवते. 'आईला यातलं काही सांगू नकोस' हेसुद्धा हिनेच वाचलं, एक शब्द न गाळता. मी म्हटलं, बरं, नाही सांगत.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, तुझा बाप गुरगुरतो.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, माझं ते रिमोटवर उडणारं विमान भंगारात द्या, मला त्याचं तोंड बघायचं नाही. नाही देत. काय करशील? उलट आम्ही त्याचं नाक कापलं. जुनं पिटुकलं इंजिन काढलं आणि ज्याच्यापायी तू घर सोडलंस ते मोठं बसवलं. तुझ्या बापाने ते कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. ज्या बाईने त्याला चड्डीची नाडी बांधायला शिकवली, तिला त्याची किल्ली सापडणार नाही होय?

"हे लिहू का?" असं तुझी आई विचारतेय. लिही गं, खरं आहे ते.

तीस वर्षं मी बुटांच्या कारखान्यात चामडं कापलं. आकडे येत नाहीत, पण दोऱ्याला गाठी मारून घेतलेलं माझं माप कधी चुकलं नाही. दोरा इंजिनाभोवती फिरवला, मग विमानाच्या नाकाच्या आतून. जागा चांगली बोटभर कमी. म्हटलं, त्यात काय! चवड्याला घट्ट होणारा बूट ओला करून साच्यावर ताणतात, तसं करू. ओलं फडकं गुंडाळलं आणि आत लाकडी ठोकळा ठोकला. मीच ठोकला. कट्टकन आवाज आला आणि डाव्या गालाला वीतभर तडा.

तुझ्या आईने त्या तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अहो आई, हे चामडं नाही. हे ताणायचं नाही, कापायचं."

मग कापलं. दोन्ही गाल मोकळे केले, आतून प्लायच्या पट्ट्या चिकटवल्या, इंजिन ज्या पाटीवर बसतं ती पाटी रुंद आणि जाड करून घेतली. जड इंजिनाने विमान तोंडावर पडेल, म्हणून नाक थोडं आखूड केलं आणि बॅटरी शेपटीकडे सरकवली. आता पंखांखाली दोन बोटं धरली की कसं सरळ राहतं! हे सगळं हिने तुझ्या वहीतल्या चित्रांवरून केलं. मी नुसती बाजूला बसून चुका काढत होते. तुला वाटायचं, आईला त्या वहीतलं ओ की ठो कळत नाही.

शनिवारी मागच्या आवारात शेपूट खांबाला बांधून इंजिन सुरू केलं. काय भुंकलं गं! तुझा बाप दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन बाहेर आला. "हा काय तमाशा? कोणाला विचारून?"

मी म्हटलं, "तुला जन्माला घातलं तेव्हा तरी कुठे कोणाला विचारलं होतं?"

तो हिच्याकडे वळला. पंचवीस वर्षांत हिने त्याला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ही मान वर न करता म्हणाली, "बाजूला व्हा. पंखा लागेल."

झाला बाजूला!

आता मुद्द्याचं. मास्तरीणबाईंकडून लिहून घेतलेल्या तीन पत्रांत टाळलं, अजून टाळलं असतं.

इंजिनाचं खोकं तुझ्या पलंगाखाली आहे, हे तुझ्या बापाला हिने सांगितलं नाही. मी सांगितलं. त्या दिवशी तू हिला घरभेदी म्हणालीस, आणखी काय काय म्हणालीस. ही सांगत होती, मी नाही, मी नाही. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं आणि मिठाची गुळणी धरली. एरवी माझं तोंड मिटत नाही, त्या दिवशी बरं मिटलं.

का सांगितलं? त्या खोक्यावर हात फिरवत तू मला म्हणाली होतीस, हे बसलं की मोठ्या स्पर्धा, मग दुसरी गावं, मग कोण येतंय इथे परत! मला वाटलं, इंजिन गेलं की पोरगी राहील. इंजिन राहिलं, पोरगी गेली.

हिचा पेन थांबलाय. हिलाही हे आत्ताच कळतंय.

उठून खिडकीपाशी गेली होती. आता येऊन बसली. माझ्याकडे बघत नाही. "पुढे सांगा" म्हणाली.

पुढे हे, की येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघी विमान घेऊन मैदानावर जाणार. तुझा बाप आडवा आला तर त्याला ओलांडून जाणार. तू आलीस तर तू उडव. नाही आलीस तर ही उडवेल. हिला उडवता येत नाही, आपटेल. आपटू दे, पुन्हा जोडू. पण माळ्यावर ते जाणार नाही आणि भंगारात तर मुळीच नाही.

माझ्यावर हवं तेवढं रागव, मी पुरून उरेन. हिची माफी मात्र समोर येऊन मागायची. मी मागितली, आत्ता, हे सांगता सांगता. त्यावर ही काय म्हणाली ते हिने लिहिलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

चहाडखोर, आणि तरीही तुझीच,
आजी