रक्त ओळखते, असं आजी म्हणते

यवतमाळ
शनिवार, दुपार

प्रिय स्पृहा,

हे पत्र आज तुझ्या हातात दिलं तर तू ते सरळ तोंडात घालशील. मागच्या आठवड्यात माझ्या ओढणीचं तेच केलंस. तरी लिहिते आहे, कारण उद्या आम्ही तुला घरी आणणार आणि मग मला कसली सवड मिळते! पलीकडच्या खोलीत तुझी आजी टीव्हीसमोर बसली आहे. हिरोच्या खांद्यात गोळी शिरली आहे आणि त्याच हाताने तो गुंडांना बदडतो आहे. मी इथूनच ओरडले, "आई, हात वर तरी झाला असता का त्याचा?" उत्तर नेहमीचंच आलं, "तू गप बैस वं माय, पिच्चर पाहू दे!"

आमची ओळख करून देते. मी गौरी, इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सलील, म्हणजे तुझे बाबा, सरकारी कचेरीत आहेत आणि घरातल्या भांडणात कोणाचीच बाजू घेत नाहीत. आजी म्हणजे त्यांची आई, कौसल्याबाई. माणसाच्या शरीराबद्दल तिला जे काही माहीत आहे ते सगळं सिनेमातून आलेलं. सापाचं विष हिरोने चोखून थुंकलं की हिरॉईन डोळे उघडते. डोळ्यांवरची पट्टी सुटली की त्याच क्षणी सगळं लख्ख दिसतं. एकाच्या दंडातली नळी थेट दुसऱ्याच्या दंडात लावली की काम झालं. "अहो, रक्तगट कोणी तपासला?" असं मी विचारलं की म्हणणार, "एवढ्या घाईत कोन तपासते वं?"

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही फुलसावंगीला एका लग्नाला गेलो. एसटीची मागची सीट, रिकामं पोट. उतरल्या उतरल्या मी भडाभडा ओकले. सिनेमात बायका एकाच कारणासाठी ओकतात. मी चूळ भरून येईपर्यंत आजीने मांडवभर बातमी पोचवली होती. एका मावशीने माझी नाडी धरून मुलगाच आहे असं सांगितलंसुद्धा. नाडीवरून फक्त हृदयाचे ठोके कळतात, हे मी सांगत होते आणि कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबत होतं! तेव्हा खूप हसले मी. पुढे वर्षं जात राहिली, तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली, नागपूरच्या चकरा झाल्या, आणि तो पेढा आठवला की हसू येईना. वर्गात प्रजननाचा धडा शिकवायचे आणि घरी येऊन नळ सोडून रडायचे.

दत्तक घ्यायचा विषय बाबांनी काढला. मी लगेच हो म्हटलं. आजी मात्र बिथरली. "कोनाचं रक्त, काय मालूम! रक्त रक्ताले ओळखते. जत्रेत हरवलेलं लेकरू मोठं होऊन समोर आलं का मायच्या काळजात कसं होते, पाह्यलं नाही काय तू?" मी तिला वर्गातल्यासारखं समजावलं. रक्ताला लाल करणाऱ्या पेशींत वंश सांगणारं काही उरलेलंच नसतं, त्या बिचाऱ्या प्राणवायू वाहतात, तीन-चार महिन्यांत मरतात आणि नव्या तयार होतात. आजीने टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर ती एकटीच पिच्चर बघायची, आणि मीही टोकणं सोडून दिलं. घरात करमेना. जिथे एक माणूस तुला जन्मभर परकी म्हणेल अशा घरात तुला आणायचं तरी कसं, हाच विचार डोक्यात. आणि खरं सांगू? धास्ती माझ्याही मनात होती. समोर आल्यावर मलाच काही वाटलं नाही तर?

मागच्या आठवड्यात आम्ही संस्थेत तुला भेटायला निघालो, तर आजी नवं लुगडं नेसून आधीच गाडीत बसलेली. "मी नुसती पाहून येतो," म्हणाली. सिनेमात अशा वेळी वारा सुटतो, सतार वाजते, लेकरू हात पसरून आईकडे झेपावतं. तू मला पाहिलंस आणि भोकाड पसरलंस. सांभाळणाऱ्या ताईंच्या गळ्याला घट्ट चिकटलीस, नाकाचा शेंबूड त्यांच्या खांद्याला. नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बिचकतं, ते चांगल्या वाढीचं लक्षण आहे, हे मला पाठ आहे. वासाने, आवाजाने, रोजच्या कुशीने ओळख होते, हेही पाठ आहे. तरी पुढे केलेले हात मी मागे घेतले. तेवढ्यात आजीने खाली सतरंजीवर बसकण मारली आणि हातातल्या बांगड्या वाजवल्या. तू रडायची थांबलीस. ताईंनी खाली ठेवल्यावर रांगत गेलीस आणि तिचा चष्मा ओढलास. तिने तुला मांडीवर घेतलं, तुझी पावलं हातात धरली आणि एकदम ओरडली, "गौरे, पाय पाह्य इचे! अंगठ्यापेक्षा बाजूचं बोट लंबं! आपल्या सलीलचे पाय आहेत हे! सांगत नव्हती काय मी, रक्त ओळखते म्हणून?"

माझ्या जिभेवर अख्खा धडा आला होता. असं बोट कितीतरी लोकांचं असतं. बाबा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. आजी रडत होती, आणि टीव्हीसमोर रडताना लावते तसा डोळ्यांना पदरही लावत नव्हती. मी म्हटलं, "हो आई. अगदी तसेच."

तू दुसऱ्या आईच्या पोटी जन्मलीस हे आम्ही तुझ्यापासून कधीच लपवणार नाही, चिऊकाऊच्या गोष्टींबरोबरच सांगू. पण पुढे कधीतरी तू आनुवंशिकतेचा धडा वाचशील, स्वतःच्या पायांकडे बघशील आणि मला जाब विचारशील, की तू जीवशास्त्राची बाई, मग आजीला असलं काही बोलू कसं दिलंस? त्या दिवसासाठी हे पत्र लिहून ठेवते आहे. मला सगळं माहीत होतं गं. पण ती तुला आपली म्हणत होती, आणि म्हणायला तिच्याजवळ सिनेमातलं तेवढं एकच वाक्य होतं. आज सकाळपासून ती टीव्हीसमोर बसून बाबांचे लहानपणचे चांदीचे वाळे घासते आहे, तुझ्या त्याच पायांत घालायला. तेव्हा मला खुशाल शून्य मार्क दे आणि जा, तिच्या मांडीवर पाय टाकून पिच्चर पाहत बस. मध्ये बोलू मात्र नकोस.

उद्यापासून तुझीच,
आई