चवड्यावरची चाल

कोंडवाडी, ता. खेड
एप्रिल १९८५

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. खुशाली विचारली आहेस म्हणून आधी तीच सांगते, म्हणजे मला जे बोलायचंय ते मग मोकळेपणाने बोलता येईल. आई बरी आहे. आप्पा बरे आहेत, शेत भाजतात त्या भाजावळीच्या धुराने खोकतात, पण ते दर वर्षीचंच. म्हैस आटली. मी मात्र बरी नाही. मी रागावले आहे, आणि हा राग कालपरवाचा नाही, शिमग्यापासून साठलाय. तुला पत्र अर्धं वाचून खिशात टाकायची सवय आहे. हे तसं टाकू नकोस.

शिमग्याला तू आलास आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणालास, गंगे, स्थळ आणलंय. मुलगा मंडणगडचा, रामजी नाव, खेडच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक, घरात त्याची आई कमलाबाई आणि तो, दोघंच. मग आवाज खाली आणून म्हणालास, त्यांना पायाचं काही बोललो नाही. हे तू अशा तोऱ्यात सांगितलंस, जसा काही मोठा पराक्रमच केलास. माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे हे आपल्या वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. लहानपणी फणसावरून पडले, हाड बसवणाऱ्याने जसं बसवलं तसं ते बसलं, आणि तेव्हापासून मी लंगडते. बघ, मला हा शब्द लिहिता येतो. तुला तो बोलता येत नाही. तू त्याला ‘तो प्रॉब्लेम’ म्हणतोस. माझा पाय माझा प्रॉब्लेम कधी नव्हता रे. मी ह्याच पायाने शाळेला डोंगर चढून गेले, ह्याच पायाने दहावी झाले, ह्याच पायाने बालवाडीत पोरांच्या मागे धावते. प्रॉब्लेम तू मुंबईहून बांधून आणलास.

आणि मग तुझे वर्ग सुरू झाले. दादरच्या त्या शनिवारच्या, चालण्याबोलण्याची रीत शिकवणाऱ्या क्लासात तुला शिकवलेलं सगळं तू ओटीवर मांडलंस. छाती पुढे, हनुवटी वर, नजर समोर, माणसाची लायकी त्याच्या चालीवरून कळते. माझ्या डोक्यावर तुझं क्लासातलं पुस्तक ठेवलंस आणि पडू न देता चालायला सांगितलंस. मला हसू आवरेना. अरे, मी रोज डोक्यावर हंडा, वर कळशी घेऊन विहिरीची घाटी चढते, माझ्या डोक्यावरून तुझं चिमूटभर पुस्तक पडणार होतं होय? ते पडलं नाही म्हणून तूच रुसलास. वरच्या अंगाला शिकवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मग तू पायांवर आलास.

डावी टाच टेकायची नाही. डावा पाय चवड्यावर, उजवा पूर्ण, की दोन्ही खांदे एका पातळीत येतात. लुगडं जरा खाली सोडायचं, म्हणजे टाच दिसत नाही. माजघरातून ओटीपर्यंत, ओटीवरून माजघरापर्यंत. वळायचं ते उजवीकडून. तू दाराशी उभा राहून टाळी वाजवायचास, टाळीवर पाऊल. पोटरीत गोळे यायचे, मी भिंत धरायची, आणि तू म्हणायचास, चेहऱ्यावर दिसता कामा नये गंगे, सगळा खेळ चेहऱ्याचा आहे. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. आप्पा तेवढ्यापुरते गोठ्यात जाऊन बसायचे. राजा शिकलेला आहे, तो सांगतो तसं कर, एवढंच ते म्हणाले, आणि तेही माझ्याकडे न बघता.

तुला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. मागच्या गणपतीत तूच सांगितलं होतंस. ऑफिसातला तो साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, राजाराम, चिखलातून चालल्यासारखे पाय का उचलतोस, इथे काय भात लावायचाय? सगळं ऑफिस हसलं. ते ऐकून मला त्या साहेबाचा इतका राग आला होता, की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. अरे, जन्मभर वाफ्यात आणि बांधावर चाललेला माणूस पाय उचलूनच चालणार. तू क्लास लावलास, चाल बदललीस, तुला काउंटरवर बसवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्या साहेबाने तुझं जे केलं, तेच तू घरी येऊन माझं केलंस. तो निदान परका होता.

बघायला आले तो दिवस तर तुला तोंडपाठ असेल, मुंबईत सगळ्यांना सांगत सुटला असशील. बायका मुलीला चाल म्हणत नाहीत, पाणी मागतात, हे तूच मला बजावलं होतंस. कमलाबाईंनी पाणी मागितलं. मी नेलं. पोह्यांवर पुन्हा मागितलं. मी पुन्हा नेलं. निघताना परत म्हणाल्या, पोरी, घोटभर पानी दे गो. तोवर माझी पोटरी दगड झाली होती आणि तू खुर्चीवर बसून माझ्याकडे असा बघत होतास जसा सर्कशीतला माणूस माकडाकडे बघतो. मी चालले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्या गेल्यावर तू माझी पाठ थोपटलीस आणि मी मागच्या पडवीत जाऊन पोटरी चोळत बसले. तुला वाटलं लाजून आत पळाले.

आता एक गोष्ट सांगते जी तुला माहीत नाही. रामजी मला आवडला. लाजायचं ते आईपुढे लाजून झालं, तुझ्यापुढे लाजत नाही. तो सगळा वेळ आपले हात रुमालाखाली लपवत होता. मेकॅनिक ना, नखांतलं काळं कितीही घासलं तरी जात नाही. मग आप्पांनी विचारलं, डोंगरात गाडी बंद पडली की काय करता, तर तो सांगायला लागला आणि सांगता सांगता रुमालबिमाल विसरला, दोन्ही हातांनी गाडीचं इंजिन हवेत उघडून दाखवलं. मला तेव्हाच वाटलं, ह्या माणसाबरोबर राहता येईल. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की हा हात विसरू शकतो, मला पाय विसरून चालणार नाही. तो आवडला नसता तर बरं झालं असतं, दादा. कुणी दगडधोंडा असता तर मीही तुझ्यासारखीच म्हणाले असते, फसला तर फसला. आवडलेल्या माणसाला फसवायला तू मला शिकवलंस, हा माझा खरा राग आहे.

साखरपुडा झाला, तू मुंबईला गेलास, आणि जाताना मला कोंडून गेलास. रामजी खेडला असतो म्हणून खेडच्या बाजारात जायचं नाही. एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर आपल्या रस्त्याने जातात, ते डेपोत काहीबाही बोलतील म्हणून रस्त्यालगतच्या विहिरीवर जायचं नाही. बालवाडीत आजारी म्हणून कळवायचं. लग्न वैशाखात, तोवर घरातल्या घरात चवड्यावर चालायचा सराव. महिनाभर आई दोन माणसांचं पाणी एकटी ओढते आहे, तिच्या मानेला गाठ आली आहे. वाडीतल्या बायका विचारतात, गंगी दिसत नाय ती, बरी हाय ना? ज्या गावात सगळ्यांना माझा पाय माहीत आहे त्या गावात मी पाय लपवून बसले. तू म्हणतोस ह्याने आत्मविश्वास येतो. माझा होता नव्हता तो गेला. आरशासमोर मी आता उभी राहते तर मला माझीच उंची कळत नाही.

आणि एवढं सगळं गिळून मी गप्प होते. कारण मलाही ते लग्न हवं होतं. मग तुझं हे पत्र आलं. लग्नात पाटावरून उठताना आप्पांनी हात द्यावा, सासरी उंबरठा ओलांडताना उजवा पाय, पहिले दोन महिने जपून. इथवर मी वाचलं. खाली तू लिहिलंस, एकदा लग्न होऊन गेलं की कळलं तरी कोण काय करणार आहे, कुणी परत पाठवत नाही. दादा, हे वाक्य लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही? तू मुंबईत असशील. त्या घरात रोज सकाळी टाच न टेकता चूल पेटवायला मी असेन. आणि ज्या दिवशी टेकेल त्या दिवशी खोटारडी म्हणून बोट दाखवतील ते माझ्याकडे. तुझ्याकडे नाही.

म्हणून परवा, रामजीची सुट्टी होती त्या दिवशी, मी मंडणगडला जाऊन आले. एकटी. आप्पा रानात होते. आईला सांगितलं तर ती आत गेली आणि एक नारळ आणून माझ्या हातात दिला, रिकाम्या हातानं जाव नुको म्हणाली. मंडणगडच्या स्टँडवरून त्यांची वाडी चढावर आहे. तो सगळा चढ मी माझ्या चालीने चढले, टाच टेकून, जशी जन्मभर चालत आले तशी. बायका धुणी सोडून बघत राहिल्या. बघेनात का. महिन्याभराने मी रस्त्यावर चालत होते आणि माझ्या पोटरीत गोळा नव्हता. त्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, कमलाबाई आमसुलं वाळत घालत होत्या, रामजी पडवीत होता. मी खळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, नारळ त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पाय कसा मोडला, चाल कोणी शिकवली, किती दिवस शिकवली, सगळं.

कमलाबाई भडकल्या. आमी काय येडी हाव काय, म्हणाल्या, पायाचं सांगितलं असतं तर बसून ईचार केला असता, पन फसवलात. मी मान खाली घातली नाही. थोड्या वेळाने त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, आनि मी पानी मागत होते ते तहान लागलेली म्हनून गो, सकाळी सुका बांगडा खाल्लेला. खरं की खोटं, देवाला ठाऊक. पण मला तिथे उभ्याउभ्या हसू आलं आणि रडू पण आलं. ज्या परीक्षेसाठी तू माझे पाय पिळलेस ती परीक्षा कुणी घेतच नव्हतं कदाचित.

 रामजी मला स्टँडवर सोडायला आला. माझ्यासाठी मुद्दाम हळू चालला नाही, त्याच्या चालीने चालला आणि मी माझ्या. उतारावर त्याने एवढंच विचारलं, त्या दिवशी दुखत होतं काय? मी हो म्हटलं. गाडी सुटेपर्यंत तो उभा होता. शिमग्यात तू माझ्यासमोर दिवसचे दिवस टाळ्या वाजवल्यास, एकदा तरी तुला हे विचारावंसं वाटलं का रे?

आता मी हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. मी निघताना कमलाबाईंनी शेवटचं सांगितलं, पोरी, तू आलीस, बरं केलंस, तुज्यावर माजा राग नाय. पन ज्यानं शिकवलान त्यानं हितं येऊन सांगूदे, तुजा भाऊस. मंग बघू. लग्न होईल की मोडेल हे त्यांनी सांगितलं नाही, पण तू आला नाहीस तर मोडलं, हे पक्कं. मला रामजी हवा आहे, दादा.  पुढच्या रविवारी सकाळी मुंबईची गाडी खेडला येते तेव्हा मी स्टँडवर उभी असेन. तू उतरलास तर दोघं मिळून मंडणगडची गाडी धरू, आणि तिथे त्या खळ्यात तू कमलाबाईंना सांगशील की मी तुम्हाला फसवलं. काउंटरवर बोलतोस तसं नाही, साधं, आपल्या घरात बोलतो तसं. तू उतरला नाहीस तर मी एकटीच जाईन आणि माझा भाऊ आला नाही एवढंच सांगून परत येईन. मग वैशाखात मला नवरा नसेल, आणि त्यानंतर कुठल्याच रक्षाबंधनाला भाऊही नसेल.

तुझीच,
गंगा