खांद्यावर उघडणारा झगा

४ ऑगस्ट

चि. वन्संस,
अ. उ. आ.

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. आत एका कराराची झेरॉक्स आहे. फोनच केला असता, पण घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच पातळ दार, आणि मशिनं थांबली की तुझ्या दादाला टाचणी पडलेलीही ऐकू येते. शिवाय कामाचं बोलणं कागदावर हवं, हा धडा तुझाच. तेव्हा घे, कागदावर.

हे सध्या फार थकलेत. गुडघा जिना चढू देत नाही, म्हणून दुपारी कापडाच्या गठ्ठ्यावरच आडवे होतात. कटिंग मास्तरांनी परवा बजावलं, की मालक, एखाद्या दिवशी ठाण समजून तुमच्यावरच कात्री चालवीन. हे हसलेसुद्धा नाहीत. कूस बदलली आणि परत झोपले.

अशात ती मोठी कंपनी आली, दवाखान्यांना कपडे पुरवणारी. त्यांना आपला झगा हवाय. आईंचा झगा गं, खांद्यापासून काखेपर्यंत टिचबटणांनी उघडणारा. अर्धांगानंतर आईंचा उजवा हात वर जाईना, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरून आखला होता तो. तू तेव्हा लांब होतीस, पण फोनवर रोज विचारायचीस, आज कपडे बदलताना आई रडली का. तो झगा झाल्यापासून तू विचारणं सोडलंस.

करार झाला की कारखाना कंपनी चालवणार, बाराही माणसं तशीच ठेवणार, आणि हे मोकळे. महिनाअखेरीला सही. काल यांनी मला सांगितलं, की उठायची घाई नाही अशी एक तरी सकाळ बघायची आहे. इतकं हलकं बोलणं मी यांच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

पण नववं आणि चौदावं कलम मी चारदा वाचलं, चारही वेळा डोक्यावरून गेलं. यांना विचारलं तर म्हणतात सगळ्या करारांत असतंच तसं. जगातल्या दुकानदारांना शहाणं करतेस, जरा घरच्या अडाण्यांकडेही बघ.

माया आहेच, ती विरू देऊ नकोस.

तुझी वहिनी

९ ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

करार वाचला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा उभं राहून, कारण बसलं की डोळे मिटतात. आज सकाळी दोन भागीदार आले होते. त्यांनी आपला भागीदारीचा करार कुठूनतरी उतरवून घेतलेला. त्यात तीन ठिकाणी भलत्याच माणसाचं नाव तसंच राहिलं होतं, आणि सहा वर्षं दोघं त्याखाली गुण्यागोविंदाने राहत होते. आता भांडण झालंय, आणि कागदाप्रमाणे अर्धा धंदा त्या तिसऱ्याचा. पूर्वी अशा गोष्टींनी मला हसू यायचं. आज फक्त खिडकी उघडली.

आता तुझं. नववं कलम म्हणतं, की झग्याचा आराखडा, आजवर केलेले बदल आणि यापुढे कराल तेही, कायमचे कंपनीचे. त्यानंतर तू शेजारच्या आजींसाठी एक झगा शिवलास तरी त्यांची परवानगी हवी. चौदाव्यात दादा दोन गोष्टींची हमी देतोय. एक, हा आराखडा त्याचाच आहे. दोन, तो कारखान्याबाहेर कधी कुणाला दाखवलेला किंवा दिलेला नाही. हमी खोटी निघाली तर नुकसान दादाने भरायचं. कारखान्यातून नव्हे, स्वतःच्या घरातून. ते पातळ दार आहे ना तुझं, त्याच्या दोन्ही बाजू जातील.

म्हणून दोन प्रश्न, आणि वकील म्हणून नाही, नणंद म्हणून विचारतेय. तेव्हा गूळ न लावता उत्तर दे. झगा आखलास तू. तू कारखान्यात पगारावर होतीस का? किंवा हा आराखडा कारखान्याला दिला असं कुठे लिहून दिलंस का? माझी आठवण सांगते की नाही. मग दादा जे विकायला निघालाय ते त्याचं नाहीच, तुझं आहे. हे मी मिटवू शकते, एका कागदाचं काम आहे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तो कागद कधी कुणाला दिला आहेस का?

तोवर दादाच्या हातात पेन देऊ नकोस. चष्मा लपव. हा कायदेशीर सल्ला नव्हे.

आहे तसाच लोभ ठेव, मला तेवढा पुरतो.

तुझी नणंद

१३ ऑगस्ट

चि. वन्संस,
अ. उ. आ.

चष्मा लपवला. ते माझा लावून हिंडतायत.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या घरात माझ्या नावावर काही आहे हे पहिल्यांदा तुझ्या पत्रातून कळलं. आणि तेही मी वाटून बसले आहे.

हो, दिलाय. पहिला दिला आईंच्या वॉर्डातल्या सिस्टरांना. त्यांनी तो दुसऱ्या एका पेशंटच्या मुलीला दाखवला, ती कागद मागायला घरी आली. मग तिच्या ओळखीचं कुणी आलं, मग पत्रं यायला लागली. मी दुपारी मशिनं बंद असताना दातेरी चाकाने ठिपके पाडत कागद उतरवते, घडी घालते आणि पोस्टात टाकते. कुणाचा डावा हात गेलेला असतो, तर खांदा उलटा आखून देते. एकाच्या पोटाला नळी होती, त्याला पुढे खिडकी ठेवून दिली. सगळं एका वहीत लिहिलंय: कोण, कुठला हात, काय बदल केला. काल मोजलं. तीनशे अकरा घरं.

यांना वाटतं पाच-दहा दिले असतील. मी कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आधी सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि मग आकडा इतका झाला की सांगायची लाज वाटली.

अजून एक. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी लिहायचे, की गरज सरली की हा कागद फाडू नये, ज्याला लागेल त्याला द्यावा. बाईच्या जातीला कागद फुकट गेलेला बघवत नाही, दुसरं काय.

आता तुला खरं विचारते, आणि तू रागावशील. वही जाळली तर? कंपनीला कुठून कळणार? तीनशे अकरा घरं दूरदूर पसरलेली, कुणी दुकान थाटलेलं नाही. मी यापुढे एकही कागद देणार नाही. यांच्याकडे बघवत नाही गं. काल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले होते, वर चढायचं की खाली उतरायचं ते ठरेना म्हणून. त्या सहीने त्यांना विसावा मिळणार असेल तर एक वही काय मोठी.

लवकर लिही. माया पातळ करू नकोस, विशेषतः हे वाचल्यावर.

तुझी वहिनी

१७ ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. रागवायला लागतो तेवढा दम सध्या माझ्यात नाही. तुझं पत्र ऑफिसात टेबलाच्या खणात ठेवलं, दोन अशिलं केली, आणि परत काढून वाचलं. बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, की वस्तू बाजारात आणायच्या आधी तिची नोंद करा, नोंद होईपर्यंत कुणाला दाखवू नका. एकदा चारचौघांत गेली की ती नवी राहत नाही, मग नोंदही नाही आणि हक्कही नाही. आणि माझ्याच वहिनीने ती तीनशे अकरा वेळा पोस्टाने पाठवली, वर ‘पुढे द्या’ असं लिहून. एखाद्या शत्रूलाही हे इतकं चोख जमलं नसतं.

आता वहीचं. जाळू नकोस, आणि का ते नीट ऐक. कंपनीला कळणार नाही असं तुला वाटतं. पण अशी कंपनी हक्क विकत घेते तो वापरायला. एखाद्या दवाखान्यात त्यांचा माणूस जाईल, खाटेवर कुणाच्या अंगात घरी शिवलेला तोच झगा दिसेल. तो घरच्यांना विचारेल की हा कुठून आणला, आणि ते भाबडेपणाने तुझा कागद दाखवतील, तुझ्या अक्षरासकट. मग दादाच्या दारात नोटीस येईल. ते मी लढेन, हरेन, पण लढेन. माझी भीती दुसरी आहे. नोटीस आधी त्या घरी जाईल. बापाला अंघोळ घालून जरा टेकलेल्या एखाद्या मुलीला चार पानी जाड अक्षरांचं पत्र मिळेल, की तुम्ही आमच्या मालकीच्या वस्तूची नक्कल केली आहे. असली पत्रं मी लिहिते, वहिनी. माझ्या कामाचा भाग आहे तो. मिळालेल्या माणसाचं तोंड मी कधी बघत नाही, एवढंच.

दादाला विसावा हवा हे मलाही दिसतं. माझा एकुलता एक भाऊ आहे तो. पण खोट्या हमीवर मिळालेल्या विसाव्यात माणूस दरवेळी पोस्टमन आला की उठून बसतो.

तू आखलास, तू दिलास, तेव्हा सही अडवणं किंवा करू देणं तुझ्या हातात आहे. पण मी तुझी वकील होऊ शकत नाही आणि दादाचीही नाही, कारण तुमच्या दोघांच्या गरजा एकमेकांच्या आड आल्यात. एवढंच सांगते, की त्याला न सांगता काही ठरवू नकोस. वही त्याच्या हातात दे.

आईला शेवटच्या वर्षी मी त्या झग्यातच पाहिलं. तो कसा उघडतो हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, कारण मी कधी उघडला नाही. लोभ कर, मागते आहे म्हणून.

तुझी नणंद

२५ ऑगस्ट

चि. वन्संस,
अ. उ. आ.

सांगितलं. रविवारी, कारखाना बंद असताना, कटिंगच्या टेबलाशी. वही पुढे ठेवली आणि तुझी दोन्ही पत्रं. मी खाली मान घालून टाचण्या डबीत भरत राहिले. त्यांनी वही घेतली आणि गठ्ठ्यावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले. माझाच चष्मा लावून.

त्यानंतर तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट मागितला आणि कंपनीच्या ऑफिसात गेले. वही बरोबर नेली. काय ठरवलंय ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधून दिला, तो मात्र बांधू दिला.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. माया असू दे.

तुझी वहिनी

२ सप्टेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. शाळेत असताना माझी पत्रं तूच लिहून द्यायचीस आणि बदल्यात माझी सायकल न्यायचीस. तरी लिहितो, कारण तुम्ही दोघी पत्रांत माझ्याबद्दल इतकं लिहिता आणि मला कुणी एक शब्द विचारलेला नाही.

कंपनीत जाऊन सगळं सांगितलं. वही दाखवली, दिली नाही. त्यांचा वकील तुझ्यासारखाच दिसतो, म्हणजे झोप न झालेला. त्याने पाचेक पानं उलटली आणि म्हणाला की आता यात विकत घेण्यासारखं काही उरलं नाही, हा झगा कुणीही शिवू शकतो. म्हणजे तेही शिवू शकतात, आम्हाला न विचारता. ते शिवणारच आहेत. मोठा करार संपला. बाहेर आलो तेव्हा जिना उतरायला मला बराच वेळ लागला. त्या वकिलाने हात दिला. तो मी घेतला, हे वहिनीला सांगू नकोस.

परवा त्यांचं नवं पत्र आलं. झगे शिवून द्यायचं काम आम्हाला द्यायला तयार आहेत, एक वर्षासाठी, आणि सात दिवसांच्या सूचनेवर बंद करता येईल असं. कागद सोबत आहे. सात दिवसांत बारा माणसांना मी कुठे पाठवू? ते तीन महिने करून दे. आणि एक कलम स्वतः घाल, की घरी शिवणाऱ्या कुणालाही ते पत्र पाठवणार नाहीत. कायद्याने त्याची गरज नसेल. मला हवं आहे.

विसाव्याचं म्हणशील तर तो गेला. अजून दोन वर्षं तरी मशिनं चालवावी लागतील. मला राग आला तो कागद वाटल्याचा नाही. वहीत एक गवंडी आहे, तुझ्या वहिनीने त्याच्या मुलीचं पत्रच तिथे चिकटवलंय. तो आता झगा डाव्या हाताने स्वतः घालतो आणि घालताना सगळ्यांना खोलीबाहेर काढतो. हे मी वाचलं आणि तुझ्या पत्रातलं त्या मुलीच्या नोटिशीचं वाचलं, तेव्हा ठरवायला काही राहिलंच नाही. राग याचा आला, की माझी बायको वही जाळायला निघाली होती, मला काय सोसवेल ते मनाशी ठरवून. सव्वीस वर्षांत एवढी तरी ओळख असायला हवी होती. तिला हे मी बोलून दाखवलं नाही. तू लिही तिला, तुझं अक्षर बरं आहे.

मी दोघींवर रागावलेलो आहे. महिनाभर तरी राहीन, माझा तेवढा हक्क आहे आणि तो कुठल्या कलमात जात नाही. त्यानंतर ये, चार दिवस काढून. लोभाचं तेव्हा बघू.

दादा