जावईबापूंना लाल कार्ड

१२ ऑक्टोबर, सोमवार

जावईबापूंच्या बॅगेत पिस्तूल सापडलं! विमानतळावर, तपासणीच्या यंत्रात, अख्ख्या संघासमोर. मला आधी शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मग टीव्हीने, आणि सगळ्यात शेवटी माझ्या पोटच्या मुलीने. शाळेत शिकवून आली ती पांढरीफटक. 'बाबा, टीव्ही बंद करा' एवढंच म्हणाली आणि चिमणीला – म्हणजे नातीला – आत नेऊन चित्रं काढायला बसवलं.

संघ गेला विमानाने पुढे. आमचा हिरो पोलीस चौकीत.

पेनाचं टोक मोडलं. रागाने! उद्या लिहितो.

१३ ऑक्टोबर

जामिनावर सुटून आले. दारात बूट काढले, नेहमीसारखे जोडीने, टोकं भिंतीकडे करून लावले. मग म्हणाले, 'सर, चुकलं.'

लग्नाला दहा वर्षं झाली तरी हा मला 'सर'च म्हणतो. मैदानावरची सवय. मी रेफरी होतो तेव्हा हा मिसरूड फुटलेला बचावपटू होता, आणि मैदानावर मी सगळ्यांनाच अरे-तुरे करायचो. लग्न ठरल्यावर आमच्या हिने दम दिला – जावयाला अहो-जाहो करायचं! तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? ती गेली, तिचा नियम राहिला. इथे वहीत कसंही लिहितो, पण तोंडाने 'तुम्ही'. फक्त चिडलो की गाडी 'तू'वर घसरते. आज घसरली.

'घरात लहान मूल, आणि तू पिस्तूल बाळगतोस? तेही बिनपरवान्याचं! अक्कल गहाण टाकलीस का?'

'चुकलं, सर.'

माझं ओरडून संपलं तसं मीच ताट वाढलं. राग रागाच्या जागी. घरात कुणी उपाशी झोपलेलं मला चालत नाही.

१५ ऑक्टोबर

लीगचं फर्मान आलं. सक्तीची रजा. पगार चालू, खेळ बंद. मैदानात यायचं नाही, सरावाला यायचं नाही, संघाच्या बसमध्येसुद्धा बसायचं नाही. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत असंच. तो लागला की लीग आपली वेगळी सुनावणी घेणार. कोर्टाचं कोर्टापाशी, लीगचं लीगपाशी! कोर्टाने सोडलं तरी लीग घरी बसवू शकते. नियमच आहे – 'खेळाच्या नावाला बट्टा लागेल असं वर्तन'. या वाक्यात हत्तीसुद्धा मावेल.

गेल्या वर्षी त्या सोनेरी केसांच्या पोराने बंदूक हातात घेऊन नाचतानाचा व्हिडिओ टाकला होता. शिक्षा काय? दोन सामने! कारण त्याच्या नावाचे शर्ट दुकानात टिकत नाहीत. आमच्या जावईबापूंच्या नावाचा शर्ट मी, मुलगी आणि चिमणी असे तिघेच घालतो. म्हणजे काही खरं नाही.

पस्तिशी आली. करार या मोसमाबरोबर संपतोय. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात चिमणीचा हात धरून उतरायचं, असं बापलेकीचं ठरलंय. ती आरशासमोर चालायची तालीम करते – मान ताठ, एक हात वर, प्रेक्षकांना टाटा. मोसमभराची बंदी आली तर ते गेलंच. परत कोण घेतंय याला संघात!

१६ ऑक्टोबर

चिमणीने विचारलं, 'पप्पा, तुम्ही आजारी आहात का?' हा म्हणाला, 'हो, थोडासा.' कान लालबुंद! खोटं बोलायला याला जन्मात जमणार नाही.

२१ ऑक्टोबर

इमारतीखाली गाड्या लावतात तिथे सराव सुरू केलाय. दोन कचऱ्याचे डबे म्हणजे गोल. वॉचमन गोलकीपर – टोपी सांभाळत उड्या मारतो, बिचारा. मी शिट्टी घेऊन खुर्चीत. एका मोटारीच्या आरशाला चेंडू लागला तर मी लगेच फाउल दिला. जावईबापू हात वर करून म्हणाले, 'बरोबर आहे, सर,' आणि वर जाऊन त्या मालकाची माफी मागून आले.

हे 'बरोबर आहे, सर' मी पहिल्यांदा ऐकलं त्याला बरीच वर्षं झाली. याने एकाचा शर्ट ओढला होता, मी पिवळं कार्ड दाखवलं. बाकीचे अंगावर धावून येतात, आईवरून बोलतात. हा म्हणाला, 'बरोबर आहे, सर.' त्या दिवशी घरी येऊन हिला सांगितलं होतं, आज एक सरळ पोरगा पाहिला. पोरीने दारामागून ऐकलं असणार. पुढचं मग तिचं तिने जमवलं.

आणि एक. हा कधी मुद्दाम पडला नाही. वाऱ्याने लागल्यासारखे गुडघा धरून लोळणारे मी हजारोंनी पाहिले. नाटक मला लांबून कळतं, तेच माझं नाव होतं लीगमध्ये. याला पाडलं तरी हा उठून पळायचा. मूर्ख! कितीतरी पेनल्ट्या घालवल्या त्या पायी.

एवढा सरळ माणूस, आणि बॅगेत पिस्तूल. डोकं चालत नाही.

२६ ऑक्टोबर

लीगचा तपास अधिकारी घरी आला. माजी पोलीस, आवाज मऊ, बिस्किट चहात बुडवून खाणारा. मी कोपऱ्यात पेपर धरून बसलो. पेपर उलटा होता हे नंतर कळलं.

'पिस्तूल कधी घेतलंत?'

'दगडफेक झाली त्यानंतर.'

ती मला ठाऊक आहे. गेल्या मोसमात याची पेनल्टी हुकली आणि संघ बाहेर पडला. मग फोनवर धमक्या, खिडकीवर दगड. हा बाहेरगावी सामन्याला, घरात मुलगी आणि चिमणी दोघीच. मी तेव्हा माझ्या घरी होतो. त्यानंतरच तर बाडबिस्तरा घेऊन इथे आलो.

'घरासाठी घेतलंत. मग बॅगेत कसं?'

'माळ्यावर जुनी बॅग होती, तिच्यात ठेवलं होतं. विसरलो.'

जुन्या बॅगेचं खरं आहे. अजिंक्यपदाच्या वर्षीची ती बॅग. संघ सारखा हरायला लागला म्हणून याने त्या दिवशी ती माळ्यावरून काढली. आणि याचा एक खुळा नेम आहे – सामन्याची बॅग ड्रेसिंग रूमशिवाय उपसायची नाही. वर बूट ठेवायचे, चेन ओढायची, निघायचं. खालच्या कप्प्यात साप असता तरी कळलं नसतं. खेळाडू सगळे असलेच. एक तर डावा मोजा आधी बायकोकडून घालून घ्यायचा!

पण 'विसरलो'? इस्त्रीचा प्लग दोनदा तपासणारा माणूस हा! बुटाच्या नाड्या समान लांबीच्या आहेत की नाही बघतो. आणि पिस्तूल विसरला?

'पिवळ्या स्कार्फमध्ये गुंडाळलेलं होतं,' अधिकारी म्हणाला.

'घरात पडला होता कुठेतरी.'

कान लालबुंद. शरमेनेच असणार. काहीतरी लपवतोय मात्र नक्की. जुगार? कुणाची संगत? देव करो आणि तसलं काही नसो.

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. चहासुद्धा मीच नेऊन दिला.

३१ ऑक्टोबर

जेवताना मीच विषय काढला. नको काढायला होता. म्हटलं, 'खरं सांग, कुणाच्या नादाला लागलायस? मी काय तुझा शत्रू आहे?'

'बाबा, पुरे!' मुलगी एवढ्यांदा ओरडली की चिमणीचा घास हातातच राहिला. मग ताट तसंच टाकून उठून गेली. जावईबापू मला म्हणाले, 'तिच्यावर नका रागावू, सर. शाळेत त्रास होतोय तिला.'

खरं आहे. मुख्याध्यापिकेने बोलावून सांगितलं म्हणे – नवऱ्याचं प्रकरण म्हणून निभावलं. तुमच्या स्वतःच्या नावावर असतं तर त्याच दिवशी घरी, आणि पुन्हा कुठल्याच शाळेत उभं केलं नसतं. लहान मुलांची शाळा. पोरीचा जीव आहे त्या शाळेवर. घरीसुद्धा आम्हाला ओळीत उभं करते.

तिचं ताट मी झाकून ठेवलं. तिने खाल्लं नाही.

६ नोव्हेंबर

कोर्टाने दंड करून सोडलं! पहिला गुन्हा, पिस्तुलात गोळी नव्हती, गुन्हा स्वतःहून कबूल केला. वर्षभर नीट वागायची हमी लिहून घेतली. मी आइस्क्रीम आणलं. चिमणीने दोनदा खाल्लं, मी तीनदा.

वकील म्हणाला, 'आता लीग. ती जास्त अवघड.'

९ नोव्हेंबर

संघाचा सामना टीव्हीवर पाहिला. आवाज बंद करून, कारण समालोचक याचं नाव घेतात. जावईबापू सोफ्यावर बसल्याबसल्या पाय उडवत होते, चेंडू अडवत होते. माझ्या पोटरीवर दोन लाथा बसल्या. दोन्ही वेळा फाउल दिला. दोन्ही वेळा – 'बरोबर आहे, सर.'

हरलो. त्याच्या जागी खेळलेलं पोर रडत होतं. याने लगेच फोन लावून त्याला अर्धा तास समजावलं. असा आहे हा! याच्यावर धड चिडताही येत नाही.

१४ नोव्हेंबर

लीगने मलाही बोलावलंय सुनावणीला. जावयाच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगायला. समितीचा अध्यक्ष कोण, तर तो टकल्या! खेळत होता तेव्हा केस होते त्याला, आणि अंतिम सामन्यात मी त्याला बाहेर काढलं होतं. आता उट्टं काढणार.

मुलीने माझा कोट इस्त्री केला. करता करता रडत होती. म्हटलं, अगं रडतेस काय, मी आहे ना! तर अजूनच रडायला लागली.

१६ नोव्हेंबर

लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, तीन माणसं. टकल्या उठून उभा राहिला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मनातून ओशाळलो.

मी बोललो. पिवळ्या कार्डाचं सांगितलं, वॉचमनचं सांगितलं, त्या रडणाऱ्या पोराचं सांगितलं. म्हटलं, माझ्याच मुलीला विचारा, यापेक्षा चांगला नवरा कुठे मिळतो ते. तिघेही हसले. वाटलं, जिंकलो.

मग टकल्याने विचारलं, 'सर, तुमच्यावर सगळी लीग विश्वास ठेवायची. जावई बाजूला ठेवा. संघाच्या प्रवासात बॅगेत पिस्तूल. तुम्ही रेफरी असता तर काय दिलं असतं?'

किती सोपं होतं! 'पिवळं' म्हणायचं. एक शब्द. चिमणी डोळ्यांसमोर आली, मान ताठ, एक हात वर.

पण त्या विमानात बाकीची पोरं होती. त्यांच्याही घरी चिमण्या आहेत.

'लाल,' मी म्हणालो.

मी जावयाकडे बघायची हिंमत केली. त्याने माझ्याकडेच बघत मान हलवली. 'बरोबर आहे, सर.'

घरी येताना गाडीत त्याने माझा सीटबेल्ट लावून दिला. मला क्लिप सापडत नव्हती.

१७ नोव्हेंबर

उरलेला सगळा मोसम बंदी.

१८ नोव्हेंबर

मुलगी माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे. चिमणीला त्याने सांगितलं की आपण दोघं खाली, कचऱ्याच्या डब्यांमधून उतरू, वॉचमनकाका टाळ्या वाजवतील. तिला ते चाललं. मला नाही चाललं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बायको असती तर म्हणाली असती, पाणी वाया घालवू नका.

शब्द मात्र मागे घेणार नाही. जे दिसलं ते दिलं.

२० नोव्हेंबर

पिस्तूल मुलीचं होतं.

आज दुपारी सांगितलं तिने. हा घरी नव्हता, चिमणीला आणायला गेला होता. दगडफेकीनंतर तिने ते कुणाकडून तरी मिळवलं, त्यालाही न सांगता. चिमणीच्या हाती लागू नये म्हणून माळ्यावरच्या त्या बॅगेत तळाशी ठेवलं. तिला वाटलं, ती बॅग आता कोण काढतंय! स्कार्फ तिचा. विमानतळावर स्कार्फ बघताच याला कळलं, आणि कुणी विचारायच्या आत हा म्हणाला, 'माझं आहे.' तिने खरं सांगायचं म्हटलं की शपथ घालायचा – 'माझा एक मोसम जाईल, तुझी शाळा कायमची जाईल.'

अख्ख्या आयुष्यात एकदाच मुद्दाम पडला. माझ्या नाकासमोर. मला कळलं नाही, आणि मी त्यालाच कार्ड दाखवलं.

'तुम्हाला सांगितलंय हे त्याला कळू देऊ नका, बाबा,' मुलगी म्हणाली.

जेवताना म्हणालो, 'अजून थोडा भात घे रे.' त्याने दचकून वर बघितलं. मी चिडलेलो नव्हतो.