उद्या पुलावर बोलायचंय

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून सात महिने लिहायचं टाळलं. हिंमत नव्हती. आज लिहितोय, कारण उद्या कोपरगावच्या पुलावर पुन्हा रास्ता रोको आहे आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय.

वरच्या धरणातून तुमच्या मराठवाड्याला पाणी सोडलंय. मधे कुणी उपसू नये म्हणून आमच्या काठावरच्या मोटारींची वीज तोडलीय. डोळ्यांदेखत पाणी चाललंय आणि माझा ऊस वाळतोय! चिडायचं नाही का गं माणसानं?

पूर्वी तुमच्याकडे गंगेला, म्हणजे आपल्या याच नदीला, पाणी पोचलं की तुझा फोन यायचा. "बाळ्या, माहेर आलं बघ दारात!" सासरही आपल्याच नदीच्या काठी म्हणून किती मिरवायचीस.

मग त्या दुष्काळात मी त्याच पुलावर टीव्हीवाल्यांसमोर ओरडलो, "खालच्यांना एक थेंब देणार नाही!" टाळ्या पडल्या. मला चेव आला, पुन्हा ओरडलो. तेव्हा तू मनात नव्हतीस, खरंच सांगतो. पण तुझ्या घरात टीव्ही चालू होता. जावांनी तुला काय काय ऐकवलं असेल! त्यानंतर दोन वर्षं तू राखीला आली नाहीस. मीही आलो नाही. चार शिव्या तरी हासडायच्यास, अक्का. गप्प का राहिलीस?

वाटलं, होईल राग शांत. तोवर तूच गेलीस.

देशादेशांची भांडणं बातम्यांत बघताना मी शहाण्यासारखा म्हणतो, "समोरासमोर बसून बोलायला काय होतं यांना?" मला सख्ख्या बहिणीशी बोलता आलं नाही.

सकाळी तुझ्या सुनीताचा फोन आला. पोर तुझ्यासारखीच सरळ बोलते. "मामा, आठ दिस झाले टँकर न्हाई. दोन म्हशी दावनीला हंबरत्यात. तुमी तरी आडवं येऊ नका." फोन ठेवतोय तोच सरपंच दारात. "बाळासाहेब, उद्या तुमीच बोलायचं. तुमच्यावानी कुनाला जमत न्हाई." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. ते होच समजून गेले.

नाही गेलो तर गाव फितूर म्हणेल. गेलो तर भाचीला तोंड कसं दाखवू? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

तुला शब्द देतो. उद्या जाईन. आमचं पाणीही मागेन, कारण ऊस जळतोय हे खोटं नाही. पण त्याआधी सांगेन, की खाली माझी भाची राहते, तिची जनावरं तहानलेली आहेत आणि मागे मी जे ओरडलो ते चुकलं. लोक माईक हिसकावून घेतील हे मला माहीत आहे. म्हणून सगळ्यात आधी तेच बोलणार आहे.

तुझाच,
बाळ्या